क्वार्टरबॅकनं पळायचं की जागेवर उभं राहून फेकायचं? कॉलेज फुटबॉलमधला जुना वाद, सोप्या भाषेत

नाना, म्हणजे माझे सासरे, सप्टेंबरात आमच्याकडे टेक्सासला आले आणि आल्या आल्या त्यांना शनिवारची फुटबॉल मॅच बघायला मिळाली. इथल्या शनिवारची कल्पना बाहेरच्या माणसाला येत नाही, ऑस्टिन आणि कॉलेज स्टेशन या दोन गावांतल्या कॉलेज स्टेडियममध्ये प्रत्येकी लाखावर माणूस बसतं, आणि जे तिकडे जात नाहीत ते घरी टीव्हीसमोर. नाना सांगली भागातले, तरुणपणी कबड्डी खेळलेले, त्यामुळे कुठलाही खेळ असो, माणसं कुठे उभी आहेत तिकडे त्यांची नजर आधी जाते. अर्धा तास गप्प बसून बघितलं आणि मग म्हणाले, "अगं, त्या पोराच्या पुढं एवढं रान मोकळं पडलंय, तो स्वतःच का पळत नाही? सारखा आपला बॉल दुसऱ्याला देतोय."

आता हाच प्रश्न इथले लोक गेली कित्येक वर्षं भांडून भांडून विचारतायत. दर हिवाळ्यात ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे खेळाडूंनी कॉलेज बदलायची नोंदणी, उघडलं की बातम्या सुरू होतात, अमक्या कॉलेजनं पळणारा क्वार्टरबॅक आणला, तमक्यानं पॉकेट पासर, म्हणजे जागेवरून फेकणारा, आणला, आणि इथे राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं त्याच कॉलेजात शिकत असतात, घरात चर्चा चालू असते आणि आईबाबांना त्यातलं काही कळत नाही. मला हा खेळ मनापासून आवडतो, म्हणून नानांना जसं सांगितलं तसंच इथे लिहितेय.

आधी खेळ कसा चालतो ते

अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन्ही बाजूंना ११ माणसं. ज्यांच्याकडे बॉल आहे त्यांना ४ प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं असतं (यार्ड म्हणजे मीटरपेक्षा जरासा कमी), गेले तर पुन्हा नवे ४ प्रयत्न मिळतात, नाही गेले तर बॉल समोरच्याला. असं सरकत सरकत शेवटच्या पट्ट्यात पोचलं की टचडाउन, त्याचे ६ पॉइंट, आणि लगेच मिळणाऱ्या जादा प्रयत्नात आणखी १ किंवा २.

प्रत्येक प्रयत्न सुरू होतो तेव्हा मधला माणूस पायातून बॉल मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात, आणि तो घेणारा म्हणजे क्वार्टरबॅक. बॉल हातात आला की त्याच्याकडे मोजून तीन रस्ते असतात. शेजारच्या पळणाऱ्याच्या, म्हणजे रनिंग बॅकच्या, हातात द्यायचा, लांब पळत गेलेल्या आपल्या माणसाकडे फेकायचा, नाहीतर स्वतः घेऊन पळायचं. सगळा वाद या तिसऱ्या रस्त्याचा आहे.

पॉकेट म्हणजे खिसा नव्हे, दहीहंडीचा खालचा थर

क्वार्टरबॅकच्या पुढे पाच दणकट गडी असतात, एकेकाचं वजन सहज १३५-१४० किलो. फेकायचं असेल तेव्हा ते मागे सरकत सरकत त्याच्याभोवती नालाच्या आकाराची भिंत करतात, त्या आतल्या जागेला पॉकेट म्हणतात. मला ते नेहमी दहीहंडीसारखं वाटतं. वर चढून हंडी फोडणाऱ्या गोविंदाचा फोटो पेपरात येतो, पण तो वर पोचतो कारण खालच्या थरातल्यांनी खांदे दिलेले असतात, आणि खालचा एक जरी ढिला पडला तर सगळं वरून खाली येतं.

हे पॉकेट साधारण अडीच-तीन सेकंद टिकतं, बास. तेवढ्यात क्वार्टरबॅकनं पहिल्या माणसाकडे बघायचं, तो अडकलाय का, मग दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे, आणि हे करताना आपल्यावर धावून येणाऱ्यांकडे बघायचं नाही. हे ज्याला उत्तम जमतं आणि जो शक्यतो त्या जागेतूनच खेळतो तो पॉकेट पासर.

इथे एक मोठा गैरसमज आहे, लोकांना वाटतं पॉकेट पासर म्हणजे खांबासारखा उभा राहणारा. अजिबात नाही. चांगल्या पॉकेट पासरचे पाय सतत हलत असतात, अर्धं पाऊल पुढे, एक पाऊल डावीकडे, मागून येणारा हात खांद्याला चाटून जाईल एवढंच सरकायचं आणि नजर मात्र लांबच ठेवायची. नानांना हे लगेच पटलं, चढाईत पाय मागे घेताना नजर काढायची नाही हे त्यांना कुणी शिकवायला नको.

पळणाऱ्याचं गणित, आणि मेंढीकोट

आता नानांच्या प्रश्नाकडे. समजा क्वार्टरबॅकनं बॉल रनिंग बॅकला दिला. ११ पैकी एक बॉल घेऊन पळतोय आणि क्वार्टरबॅकचं काम संपलं, तो नुसता उभा. राहिले ९ जण, ते समोरच्यांना अडवणार, आणि समोर आहेत ११. म्हणजे दोन माणसं मोकळी राहणारच, कितीही चांगला डाव आखा. पण क्वार्टरबॅक स्वतः पळाला तर अडवायला १० जण मिळतात. एक माणूस वाढला. पळणाऱ्या क्वार्टरबॅकची खरी किंमत ही आहे, तो किती जोरात पळतो हा त्याच्या नंतरचा मुद्दा.

याच्याही पुढची युक्ती आहे तिचं नाव झोन रीड. रिच रॉड्रिगेझ नावाचे कोच १९९० च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट नावाच्या छोट्याशा कॉलेजात होते, या डावाचं श्रेय बहुतेक जण त्यांनाच देतात. डाव असा, की समोरच्या फळीतल्या टोकाच्या एका माणसाला मुद्दामच कुणी अडवायचं नाही. क्वार्टरबॅक बॉल रनिंग बॅकच्या पोटाशी धरतो, पण सोडत नाही, आणि त्या टोकाच्या माणसाकडे बघत राहतो. तो माणूस रनिंग बॅकला पकडायला आत धावला की क्वार्टरबॅक बॉल काढून घेतो आणि त्याच माणसानं रिकाम्या केलेल्या जागेतून बाहेर पळतो. तो माणूस जागेवरच थांबला तर बॉल रनिंग बॅकला देऊन टाकायचा.

मेंढीकोट खेळणाऱ्याला हे समजायला एक मिनिट लागणार नाही. शेवटचं पान आपलं असेल तर समोरच्यानं काय टाकलंय ते बघून आपण ठरवतो. इथे तेच आहे, डिफेन्सला आधी पान टाकायला लावायचं. तो माणूस काहीही करू दे, चूकच ठरणार, आणि त्याला अंगाला हातसुद्धा न लावता खेळातून काढला. दोन माणसांची जी तूट होती ती अशी एकावर येते.

पुढे यातूनच रन-पास ऑप्शन आला. त्यात क्वार्टरबॅक टोकाच्या माणसाऐवजी बहुतेक वेळा मधल्या फळीतल्या एखाद्याकडे बघतो, तो पुढे आला की त्याच्या मागे मोकळ्या झालेल्या जागेत बॉल फेकायचा, नाही आला तर रनिंग बॅकला द्यायचा.

एक फरक मात्र लक्षात ठेवा, तो कळला की निम्मा वाद मिटतो. ठरवून पळणं वेगळं आणि फेकायचं ठरलेलं असताना कुणीच मोकळा दिसला नाही म्हणून पळणं वेगळं. दुसऱ्याला स्क्रॅम्बल म्हणतात. पहिलं कोचच्या वहीत लिहिलेलं असतं, दुसरं ऐन वेळी पायांना सुचतं.

एक रात्र जिथे दोन्ही प्रकार समोरासमोर आले

४ जानेवारी २००६, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाचा रोझ बोल, नॅशनल चॅम्पियनशिपची मॅच. एका बाजूला यूएससी, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ, सलग ३४ मॅच जिंकलेली टीम, तिचा क्वार्टरबॅक मॅट लायनर्ट, २००४ ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, मिळालेला, अगदी पाठ्यपुस्तकात छापावा असा पॉकेट पासर. दुसऱ्या बाजूला टेक्सासचा विन्स यंग, साडेसहा फुटांच्या जवळ उंची आणि पळताना घाई केल्यासारखा दिसायचाच नाही, लांब लांब टांगा टाकायचा आणि मागचे मागेच राहायचे.

लायनर्टनं त्या रात्री ४० पैकी २९ पास पूर्ण केले, ३६५ यार्ड. कुणीही म्हणेल उत्तम. यंगनं ४० पैकी ३० पास, २६७ यार्ड, आणि वर स्वतः पळून २०० यार्ड, ३ टचडाउन. शेवटची साडेसहा-पावणेसात मिनिटं राहिली होती तेव्हा यूएससी ३८-२६ नं पुढे होती. यंगनं एक टचडाउन पळून काढलं, ३८-३३. मग यूएससीला बॉल राखायला चौथ्या प्रयत्नात फक्त २ यार्ड हवे होते, टेक्सासच्या डिफेन्सनं ते दिले नाहीत. शेवटी २६ सेकंद उरली असताना टेक्सासचासुद्धा चौथा प्रयत्न, ५ यार्ड हवेत, टचडाउन ८ यार्डांवर. यंगनं बॉल घेतला, फेकायला बघितलं, कुणी मोकळा नव्हता, आणि तो उजव्या कोपऱ्याकडे निघाला तो थेट आत. ४१-३८.

ती मॅच बघताना मला खेळातलं फार कळत नव्हतं पण एक दिसत होतं, यूएससीची माणसं प्रत्येक वेळी अर्धा क्षण थांबायची, हा पळणार की फेकणार, आणि त्या अर्ध्या क्षणातच तो निघून जायचा. पळणाऱ्या क्वार्टरबॅकचा फायदा यार्डांच्या रकान्यात पूर्ण दिसत नाही तो यामुळेच, समोरच्यांच्या मनात त्यानं जी शंका घातली ती कुठल्याच रकान्यात लिहीत नाहीत.

मग हे कॉलेजमध्येच एवढं का चालतं?

याची कारणं बरीचशी मैदानात आणि नियमांत आहेत आणि ती कुणी नीट सांगत नाही म्हणून जरा थांबून सांगते.

मैदानाची रुंदी १६० फूट. प्रत्येक प्रयत्न जिथून सुरू होतो ती जागा दोन तुटक रेघांच्या मध्ये किंवा त्या रेघांवर असते. कॉलेजमध्ये या रेघा एकमेकींपासून ४० फुटांवर आहेत, व्यावसायिक एनएफएलमध्ये फक्त साडेअठरा. म्हणजे कॉलेजमध्ये बॉल एका रेघेवर असेल तर एका बाजूला ६० फूट आणि दुसऱ्या बाजूला १०० फूट जागा उरते. एनएफएलमध्ये तोच हिशोब साधारण ७१ आणि ८९. त्या १०० फुटांच्या बाजूला चपळ पोरगा पळाला तर त्याला अडवायला डिफेन्सकडे माणसं पुरत नाहीत.

दुसरं, पास टाकायचा असेल तर पुढचे पाच दणकट गडी फार पुढे जाऊ शकत नाहीत. कॉलेजमध्ये त्यांना ३ यार्डांची मुभा आहे, एनएफएलमध्ये १ यार्ड. या २ यार्डांमुळे रन-पास ऑप्शन कॉलेजमध्ये जास्त फसवा होतो, कारण समोरच्याला ते गडी पुढे येताना दिसतात आणि तो समजतो आता पळणारच.

तिसरं कारण मला सगळ्यात खरं वाटतं, ते म्हणजे वेळ. ही १८ ते २२ वर्षांची पोरं, शिकतायत, आणि सीझनमध्ये आठवड्याला सरावाचे २० तास एवढीच परवानगी. तीन सेकंदांत चार माणसं बघून डिफेन्सचं सोंग ओळखून फेकायचं हे शिकायला वर्षं लागतात. 'त्या एका माणसाकडे बघ, तो आत आला तर पळ' हे शिकवायला महिने पुरतात. त्यात २०२१ पासून एका कॉलेजातून दुसरीकडे जाऊन लगेच खेळता येतं, म्हणजे कोचच्या हातात पोरगा कधीकधी एकच वर्ष असतो.

शिवाय सगळ्या कॉलेजांकडे सारखे दणकट गडी नसतात. ज्यांना अंगानं मोठी पोरं मिळत नाहीत त्यांना गणितानं आणि फसवणुकीनं खेळावं लागतं, नौदलाची नेव्ही अकॅडमी हे त्याचं उत्तम उदाहरण. २०१९ मध्ये त्यांच्या माल्कम पेरीनं क्वार्टरबॅक असून एका सीझनमध्ये २,०१७ यार्ड पळून काढले, ते पासच्या भानगडीत फारसे पडतच नाहीत.

"पण पळणारा जखमी होतो ना?"

हा आक्षेप सगळ्यात जास्त येतो आणि तो खोटा नाही. फ्लोरिडा स्टेटचा जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबर २०२३ मध्ये बॉल घेऊन पळाला, पकडताना पाय खाली सापडला आणि सीझन तिथेच संपला. त्याची टीम पुढे एकही मॅच न हरता १३-० झाली, तरीही निवड समितीनं तेव्हाच्या चार टीमच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे चॅम्पियन ठरवणाऱ्या शेवटच्या फेऱ्यांत, त्यांना घेतलं नाही, कारण क्वार्टरबॅकशिवाय ही टीम तीच राहिली नाही असं त्यांना वाटलं. मोठ्या लीगमधली विजेती आणि एकही हार नसलेली टीम या चार टीमच्या प्लेऑफबाहेर राहण्याची ती पहिलीच वेळ. मला ते आजही अन्यायाचं वाटतं, पोरांनी जिंकायचं तेवढं सगळं जिंकलं होतं.

पण दुसरी बाजू बघा. पळणाऱ्याला समोरून येणारा दिसत असतो, तो बसकण मारून घसरू शकतो, आणि कॉलेजमध्ये तर नुसता गुडघा जमिनीला लागला की कुणी हात लावलेला नसला तरी खेळ थांबतो. पॉकेटमध्ये उभा असलेला मात्र फेकताना हात वर, बरगड्या उघड्या, एक पाय रोवलेला, आणि मारणारा पाठीमागून येतो जो त्याला दिसतच नाही. आठवड्यातून २० वेळा मुद्दाम मधून पळवलं तर शरीर झिजणारच, ते मान्य, पण उभं राहणं म्हणजे सुरक्षित असं काही नाही.

"पळणारा असला की निदान तो बॉलसकट सापडत तरी नाही"

क्वार्टरबॅक फेकण्याआधीच मागे पकडला गेला की त्याला सॅक म्हणतात. वाटतं पळणाऱ्याचे सॅक कमी होत असतील, पण पुष्कळदा उलटं होतं. ज्याला स्वतःच्या पायांवर भरवसा असतो तो बॉल जास्त वेळ हातात ठेवतो, अजून थोडं बघू, अजून थोडं, आणि सापडतो. पायांत दम नसलेला हुशार पोरगा पटकन फेकून मोकळा होतो. आणि आकडे बघताना एक काळजी घ्या, कॉलेजच्या हिशोबात सॅकमध्ये गेलेले यार्ड पळण्याच्या यार्डांतून वजा करतात, एनएफएलमध्ये ते पासच्या बाजूला जातात. त्यामुळे कॉलेजच्या पोराचे पळण्याचे यार्ड दिसतात त्यापेक्षा खरे जास्त असतात.

"मग पॉकेट पासरचे दिवस संपले?"

२०२० ची अलाबामा आठवा. मॅक जोन्सनं ४,५०० यार्ड फेकले, त्याचे शंभरातले ७७ पास पूर्ण झाले, आणि अख्ख्या सीझनमध्ये पळून काढलेले यार्ड मोजून १४. टीम १३-०, चॅम्पियन. त्या वर्षीचा देशातल्या सर्वोत्तम लाइनचा, म्हणजे पुढच्या त्या पाच दणकट गड्यांचा, 'जो मूर' अवॉर्डसुद्धा अलाबामालाच मिळाला. खालचा थर असा भक्कम असेल तर वरच्याला पळायची गरजच काय?

पण थर हलला की काय होतं तेही बघा. २०२३ मध्ये वॉशिंग्टनचा मायकल पेनिक्स ज्युनिअर, देशात सगळ्यात जास्त ४,९०३ यार्ड फेकणारा, त्याच्याही लाइनला तोच अवॉर्ड. फायनलला मिशिगननं त्याला सुखानं उभं राहू दिलं नाही, दोन पास त्यांनी पकडले, निकाल ३४-१३.

या दोघांच्या मध्ये येतो 'जो बरो' नावाचा क्वार्टरबॅक. लुइझियाना स्टेटसाठी २०१९ मध्ये त्यानं ५,६७१ यार्ड आणि ६० टचडाउन फेकले, १५-०, सगळे त्याला पॉकेट पासरच म्हणतात. फायनलच्या मॅचमध्ये त्याचे पळण्याचे यार्ड होते ५८ आणि एक टचडाउनसुद्धा. गरज पडली तेव्हा पळाला, बाकी वेळ उभा राहिला. मला स्वतःला असं वाटतं की डोळे आणि डोकं हे क्वार्टरबॅकचं पोट भरणारं अन्न आहे आणि पाय ही जास्तीची वाटी, ती मिळाली तर जेवण फार चांगलं होतं, पण नुसत्या वाटीवर भागत नाही.

शिक्का मारण्याचा प्रश्न

एक गोष्ट मात्र हसत हसत सोडून देण्यासारखी नाही. कितीतरी वर्षं कृष्णवर्णीय मुलांना 'हा पळणारा आहे, हा विचार करून फेकणार नाही' असं गृहीत धरून दुसऱ्या जागेवर खेळायला लावलं गेलं. वॉरन मून या क्वार्टरबॅकनं वॉशिंग्टनला १९७८ ची रोझ बोल मॅच जिंकून दिली, त्या मॅचचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम कॉलेजची पोरं निवडतात तेव्हा, त्याचं नाव कुणीच घेतलं नाही. तो कॅनडात एडमंटनला गेला, तिथे सलग पाच वेळा ग्रे कप, म्हणजे तिथल्या लीगचं विजेतेपद, जिंकला, मग एनएफएलमध्ये आला आणि २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. आणि गंमत नाही, खेद आहे, तो मुळात फेकणाराच होता.

लमार जॅक्सननं लुइव्हिलसाठी २०१६ मध्ये ३,५४३ यार्ड फेकले, १,५७१ पळले, हाइझमन जिंकली. तरी २०१८ च्या ड्राफ्टमध्ये त्याच्या आधी चार क्वार्टरबॅक घेतले गेले, त्यानं रिसिव्हर, म्हणजे पास झेलणारा, व्हावं अशी चर्चा उघडपणे चालू होती. पुढच्याच वर्षी तो एनएफएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, २०२३ मध्ये परत.

जेलन हर्ट्स, आणि नाना

८ जानेवारी २०१८, अटलांटा, फायनल. अलाबामाचा पळणारा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स, अर्ध्या मॅचमध्ये ८ पैकी ३ पास, २१ यार्ड, जॉर्जिया १३-० पुढे. कोचनं त्याला सगळ्या देशासमोर बसवलं आणि तुआ टॅगोवायलोआ नावाच्या पहिल्या वर्षाच्या पोराला आणलं, त्यानं तीन टचडाउन फेकून जादा वेळेत २६-२३ नं मॅच काढली. लोक म्हणाले, झाला निकाल, पळणाऱ्यावर मोठी मॅच जिंकता येत नाही.

हर्ट्स रुसून गेला नाही, एक वर्ष बाकावर बसून फेकणं सुधारत राहिला. त्याच वर्षी डिसेंबरात, तेच स्टेडियम, समोर तीच जॉर्जिया, आता तुआचा पाय दुखावला. हर्ट्स आला, एक टचडाउन फेकून बरोबरी केली, दुसरं १५ यार्ड पळून काढलं, ३५-२८. नंतर ओक्लाहोमात एकाच सीझनमध्ये ३,८५१ यार्ड फेकले आणि १,२९८ पळला. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलचा, म्हणजे एनएफएलच्या फायनलचा, सर्वोत्तम खेळाडू तोच.

नानांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "बाकावर बसला तेव्हा त्याचे आईवडील होते का तिथे?" होते, म्हटलं. मग थोडा वेळ काही बोलले नाहीत.

आता ते बॉलकडे बघतच नाहीत. मी दाखवलेल्या त्या टोकाच्या, कुणीच न अडवलेल्या माणसावर डोळा ठेवून बसतात, कबड्डीत कोपऱ्यावर ठेवायचे तसा. परवा स्नॅप झाला, तो टोकाचा माणूस आत घुसला, कॅमेरासुद्धा रनिंग बॅकच्या मागे फिरला, आणि नाना खुर्चीतून अर्धे उठून उलट्या बाजूला बोट दाखवत ओरडले, "तिकडं काय दाखवताय, बॉल याच्याजवळ आहे!"